रणजीतल्या नऊशे धावांची किंमत कशी लावायची?

नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर गोव्याच्या कश्यप बखलेने नाबाद ३०० आणि स्नेहल कवठणकरने नाबाद ३१४ धावा केल्या. दोघांची ६०६ धावांची अभेद्य भागीदारी रणजी करंडकाच्या इतिहासातली सर्वांत मोठी ठरली. समोर अरुणाचल प्रदेश होता, पहिल्या डावात ८४ वर आटोपलेला. गोव्याने ९३ षटकांत २ बाद ७२७ वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव ५५१ धावांनी जिंकला. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नागपूरजवळच्या जामठ्यावर उपांत्य सामन्यात विदर्भाच्या यश राठोडने मुंबईविरुद्ध दुसऱ्या डावात १५१ धावा काढल्या. हंगाम संपल्यावर जो तक्ता निघतो त्यात या सगळ्या धावा एकाच रकान्यात जाऊन बसतात. तिथे ३१४ चा आकडा १५१ च्या दुपटीहून मोठा दिसतो.

भारतीय संघात पुढे कोण येणार ही चर्चा दर मोसमात याच तक्त्यावरून रंगते. अमक्याने नऊशे केल्या, तमक्याने साठ बळी घेतले, मग निवड समितीला दिसत नाही का? समितीवर दोषारोप करणे सोपे आहे आणि अनेकदा ती त्याला पात्रही असते. पण अडचण त्याच्या अलीकडची आहे. धावा कुठे, कोणासमोर आणि कुठल्या अवस्थेत झाल्या याची नोंद आपण नीट ठेवत नाही, आणि ज्याच्या धावा खऱ्या वाटतात त्याला परदेशी चेंडूवर, परदेशी खेळपट्टीवर तपासून पाहण्याची पायरी वेळेवर देत नाही. या दोन गोष्टी होत नाहीत तोवर 'गुणी पण दुर्लक्षित' खेळाडूंची यादी लांबतच राहणार.

जामठ्याच्या त्या सामन्याचे उदाहरण घेऊन नोंद कशी असावी ते पाहू. विदर्भ ३८३ आणि २९२, मुंबई २७० आणि ३२५. चाळीस गडी, १२७० धावा. म्हणजे सामन्यात दर गड्यामागे साधारण ३२ धावा पडल्या. फलंदाजीला अशक्य नाही, पण फुकटचेही काही नाही अशी खेळपट्टी. दुसऱ्या डावात विदर्भाचे पहिले चार फलंदाज स्वस्तात परतले तेव्हा राठोड आणि कर्णधार अक्षय वाडकर यांनी डाव बांधला. संघाच्या २९२ पैकी १५१ एकट्याच्या, निम्म्याहून अधिक. गोलंदाजीला शार्दूल ठाकूर आणि शिवम दुबे हे भारताकडून खेळलेले दोघे, दोनच महिन्यांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी बोलावणे आलेला ऑफस्पिनर तनुष कोटियन, आणि त्या डावात सहा बळी घेणारा डावखुरा फिरकी गोलंदाज शम्स मुलाणी. एका टोकाकडून चेंडू आत येतोय, दुसऱ्या टोकाकडून बाहेर जातोय आणि सामना हातातून निसटू शकतो अशा वेळी केलेले हे शतक आहे. विदर्भ ८० धावांनी जिंकला. राठोडच्या धावा वजा केल्या तर निकाल कुठे जातो हे सांगायला कोणी विश्लेषक लागत नाही.

राठोडने त्या हंगामात ९६० धावा केल्या, सरासरी ५३ च्या पुढे, पाच शतके. पण या ९६० धावांनाही एक तळटीप जोडायला हवी. विदर्भाचे उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने जामठ्यावरच झाले. घरची खेळपट्टी, घरचे ड्रेसिंग रूम, चेंडू किती उसळतो आणि चौथ्या दिवशी कुठल्या जागेवरून वळतो हे लहानपणापासून ठाऊक. ती शतके त्यामुळे खोटी ठरत नाहीत. मात्र तोच फलंदाज नोव्हेंबरात सकाळच्या दवात, नव्या एसजी चेंडूसमोर (रणजीत वापरतात ती बनावट), बाहेरच्या मैदानावर कसा खेळला हे वेगळ्या रकान्यात दिसायला हवे. क्रिजवर येताना धावफलक काय होता, चेंडू किती षटके जुना होता, समोरच्या चार मुख्य गोलंदाजांपैकी किती जण भारत किंवा भारत 'अ' (मुख्य संघाच्या खालोखालचा संघ) कडून खेळलेत, त्या सामन्यात दर गड्यामागे सरासरी किती, आणि बाद कसा झाला. यातली शेवटची नोंद सर्वांत मोलाची. दहापैकी सहा वेळा यष्टिरक्षक किंवा स्लिपमध्ये झेल जात असेल तर फलंदाज ऑफस्टंपच्या बाहेर हात पुढे ढकलतोय. पायचीतांची संख्या वाढत असेल तर पुढचा पाय आडवा पडतोय. रणजीत ताशी १३० किलोमीटरच्या वेगाला हे खपून जाते, १४२ च्या वेगाला खपत नाही. कारण साधे आहे: बॅट खाली यायला जो वेळ लागतो त्यात हात सावरून घ्यायला मिळणारी उसंतच संपते.

दानिश मालेवारच्या बाबतीत हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. वयाच्या एकविसाव्या वर्षी, पहिल्याच रणजी हंगामात ७८३ धावा. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भ ३ बाद २४ असताना त्याने करुण नायरसोबत दोनशेहून अधिक धावांची भागीदारी केली आणि स्वतः १५३ वर पोचला. दुसऱ्या डावात ७३. मग ऑगस्ट २०२५ मध्ये विभागीय संघांच्या दुलीप करंडकात पदार्पणातच ईशान्य विभागाविरुद्ध २०३. बातमी साहजिकच द्विशतकाची झाली. पण मालेवारला पुढे न्यायचे की नाही हे ठरवायला त्या २०३ चा जवळजवळ उपयोग नाही. ३ बाद २४ वरून केलेल्या १५३ चा आहे. ईशान्येच्या गोलंदाजांना कमी लेखण्याचा हेतू नाही. त्या राज्यांतला रणजीचा प्रवासच मुळात २०१८ च्या आसपास सुरू झाला, आणि एवढ्या थोड्या वर्षांत जलदगती गोलंदाजांची फळी उभी राहत नसते.

गोलंदाजांच्या आकड्यांत तर हा घोळ जास्तच. बिशनसिंग बेदींनी १९७४-७५ मध्ये एका रणजी हंगामात ६४ बळी घेतले होते. तो विक्रम २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन मोडला. मात्र ते बळी प्लेट म्हणजे खालच्या गटातले होते, बहुतेक नव्याने आलेल्या संघांविरुद्धचे, सरासरी दर बळीमागे साडेसहा धावांच्या आसपास. साडेसहा ही सरासरी पाहिली की गोलंदाजाच्या आधी समोरच्या फलंदाजीबद्दल प्रश्न पडतो. २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, ते एलिट म्हणजे वरच्या गटात, सतराच्या आतल्या सरासरीने, शिवाय ४७६ धावा करून. विक्रमाच्या यादीत दोघांमध्ये एका बळीचे अंतर आहे. दर्जाच्या हिशेबात हे अंतर फार मोठे आहे.

तरीही दुबेची वाट सोपी नाही, आणि त्यात त्याचा दोष काही नाही. तो डावखुरा फिरकी गोलंदाज आहे आणि भारतात या जातीच्या गोलंदाजांची रांग कायमच लांब राहिली आहे. पद्माकर शिवलकरांचे प्रथम श्रेणीत ५८९ बळी, राजिंदर गोयलांचे ७५०. दोघांनाही एकही कसोटी मिळाली नाही, कारण त्याच काळात त्याच जातीचे बेदी होते. आज रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल आहेत, मनगटाने वळवणारा कुलदीप यादव आहे, आणि त्यांच्या मागे सौरभ कुमार, मानव सुतार, मुलाणी, दुबे. अशा रांगेतून एखाद्याला उचलायचे तर बळींच्या संख्येने निर्णय होत नाही, कारण ती सगळ्यांचीच भरपूर आहे.

मग काय पाहायचे? पहिली गोष्ट, सामन्याच्या पहिल्या दिवशी, खेळपट्टी ताजी असताना, त्याने टाकलेली षटके. चौथ्या दिवशीच्या धुळीत बळी घेणारे आपल्याकडे ढिगाने सापडतात. पहिल्या दिवशी पंचवीस षटके टाकून षटकामागे अडीचच्या आत धावा देणारा दुर्मीळ. दुसरी गोष्ट, स्वीप आणि रिव्हर्स स्वीप खेळणाऱ्यासमोर तो काय करतो. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादला ऑली पोपने याच फटक्यांच्या जोरावर १९६ धावा काढल्या आणि पहिल्या डावात १९० ने पिछाडीवर असलेल्या इंग्लंडला सामना जिंकून दिला. रणजीत फलंदाज बहुतेक वेळा पुढे येऊन अडवतो किंवा मागे जाऊन कट करतो, त्यामुळे चांगल्या टप्प्यावर सातत्याने टाकणाऱ्याला बळी मिळत राहतात. स्वीप करणारा फलंदाज मात्र नेमका तोच टप्पा मोडून काढतो. त्याच्यासमोर वेग नव्वदच्या वर नेऊन टप्पा अर्धा यार्ड मागेपुढे करता येतो का, की एकदा मार बसला की गोलंदाज चेंडू आखूड टाकायला लागतो? धावफलकात याचे उत्तर मिळत नाही. ते कोणीतरी बसून पाहावे लागते आणि लिहून ठेवावे लागते.

जलदगती गोलंदाजांमध्ये जम्मू-काश्मीरच्या आकिब नबीचे नाव घ्यायला हवे. २०२४-२५ च्या रणजीत ४४ बळी. दुलीप करंडकात पूर्व विभागाविरुद्ध चार चेंडूंत चार बळी, यातला पहिला गडी सोडला तर बाकीचे तळाचे. डिसेंबर २०२५ च्या आयपीएल लिलावात दिल्लीने त्याला ८ कोटी ४० लाखांना घेतले. त्याचे बळ वेगात नाही, चेंडू दोन्ही बाजूंना हलवण्यात आहे. इथे चेंडू कुठल्या बनावटीचा हा मुद्दा कळीचा ठरतो. रणजीत एसजी वापरतात. त्याची शिवण हाताने घातलेली, उठावदार आणि बराच वेळ टिकणारी. इंग्लंडमधला ड्यूक्सही हाताने शिवलेला, आणि तो त्याहून जास्त काळ स्विंग होतो. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत कुकाबुरा. त्याच्या मधल्या दोनच ओळी चेंडूचे दोन भाग जोडतात, बाहेरच्या ओळी यंत्राने घातलेल्या आणि नुसत्या नावाला. पंधरा-वीस षटकांत शिवण दबते, चेंडू मऊ पडतो. त्यानंतर बळी हवे असतील तर वेग लागतो किंवा उंचीमुळे मिळणारी उसळी लागते. त्यामुळे नबीसारख्याला 'अ' संघाच्या पहिल्याच दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाला पाठवून 'काही जमले नाही' असा शिक्का मारणे म्हणजे शुद्ध नासाडी. त्याला मे महिन्यात इंग्लंडला पाठवावे. उलट १४० च्या वर टाकणारा पण सरळ जाणारा गोलंदाज असेल तर त्याला पर्थ, ब्रिस्बेनला न्यावे आणि कुकाबुरा जुना झाल्यावर तो काय करतो ते पाहावे.

भारत 'अ' चे दौरे हीच ती मधली पायरी, आणि ती नीट वापरली तर काय होते याचा पुरावा फार जुना नाही. मयांक अगरवालने २०१७-१८ च्या रणजीत ११६० धावा केल्या. त्यातल्या नाबाद ३०४ पुण्याच्या गहुंजे मैदानावर महाराष्ट्राविरुद्ध, आणि तिथली खेळपट्टी गोलंदाजांवर मेहेरबान होती असे कोणी म्हणणार नाही. त्याला लगेच कसोटी मिळाली नाही. २०१८ मध्ये 'अ' संघाबरोबर तो इंग्लंडला गेला, बंगळुरूत दक्षिण आफ्रिका 'अ' विरुद्ध २२० केल्या, मग न्यूझीलंड. डिसेंबर २०१८ मध्ये मेलबर्नला पदार्पण झाले तेव्हा पहिल्याच डावात ७६, पुढच्या सिडनी कसोटीत ७७. मोठा रणजी हंगाम आणि कसोटी यांच्यात वर्षभराचे अंतर, आणि त्या वर्षात तीन वेगळ्या प्रकारच्या परीक्षा.

सर्फराज खानची गोष्ट याच्या उलट आहे. २०१९-२० मध्ये ९२८ धावा, सरासरी दीडशेच्या वर. २०२१-२२ मध्ये ९८२. कसोटी मिळाली फेब्रुवारी २०२४ मध्ये, राजकोटला. दोन्ही डावांत अर्धशतके, पुढे बंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध १५०. त्याच्याबद्दलचा संशय सुरुवातीपासून एकच होता: अंगावर उसळत येणारा वेगवान चेंडू. पण त्याच्या सहाही कसोटी भारतात झाल्या. ऑस्ट्रेलियाला संघाबरोबर गेला, अकरा जणांत आला नाही, नंतर इंग्लंड दौऱ्यातून वगळला गेला. म्हणजे संशय खरा ठरला नाही आणि खोटाही ठरला नाही. २०२० च्या मार्चमध्ये रणजी संपली. त्यानंतर महामारीने दीड-दोन वर्षे खाल्ली हे मान्य, पण २०२२ पासून त्याला सलग परदेशी 'अ' दौरे देऊन हा प्रश्न कायमचा निकालात काढता आला असता.

इथे कोणी करुण नायरचे उदाहरण तोंडावर फेकेल. विदर्भासाठी ८६३ धावा, विजय हजारे या एकदिवसीय स्पर्धेत पाच शतकांसह ७७९, त्यावर इंग्लंडमध्ये 'अ' संघाकडून कँटरबरीला २०४. एवढे सगळे करूनही २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात चार कसोटींत २०५ धावा आणि एकच अर्धशतक. मग पायरी काय कामाची? पण कँटरबरीचा तो सामनाही वाचता आला पाहिजे. भारत 'अ' ५५७, इंग्लंड लायन्स (त्यांचा 'अ' संघ) ५८७. अशा पाटा खेळपट्टीवरच्या द्विशतकाला परीक्षा म्हणणे अवघड आहे. दुसरे म्हणजे वय. नायर तेव्हा तेहतीस वर्षांचा होता, आणि चेन्नईत नाबाद ३०३ करून साडेआठ वर्षे उलटली होती. पंचविसाव्या वर्षी अपयश आले असते तर ते दुरुस्त करून परत यायला वेळ होता. तेहतिशीत चार कसोटींत जमले नाही की दार बंद, आणि तसेच झाले.

आयपीएलवरून निवड करावी, तिथे १४५ चा वेग रोज खेळायला मिळतो, असाही एक पक्ष आहे. तो अगदीच टाकाऊ नाही. रणजीत १४० च्या वर सातत्याने टाकणारे मोजकेच, आणि बऱ्याच सामन्यांत वेग मोजण्याची सोयच नसते. पण आयपीएलमध्ये एक गोलंदाज फार तर २४ चेंडू टाकतो. चेंडू सोडून देण्याची गरज पडत नाही, सोडला तर उलट नुकसान. कसोटीचा सलामीवीर पहिल्या तासात जे करतो त्यातले निम्मे काम सोडण्याचे असते आणि त्याचा तिथे सरावच होत नाही. पुढचा पाय लेगच्या बाजूला सरकवून हात मोकळे करायची सवय लागली की ती एसजीसमोर महिनाभरात जात नाही.

मुलांना मात्र बोल लावता येत नाही. वीसपेक्षा कमी सामने खेळलेल्याला रणजीत दिवसाला ४०,००० रुपये मानधन मिळते, म्हणजे चार दिवसांचे १ लाख ६० हजार. साखळीतले सातही सामने खेळला तर ११ लाख २० हजार. आयपीएलमध्ये सर्वांत कमी पायाभूत किंमत ३० लाख. एकोणीस वर्षांच्या मुलाने नेटमधल्या दोन तासांपैकी दीड तास कशाला द्यायचा हे यातच ठरून जाते. रणजीत जो अकराबाहेर राखीव बसतो त्याला तर या मानधनाच्याही निम्मे.

भारतात घरच्या मैदानांवर काय झाले ते विसरून चालणार नाही. २०२४ मध्ये न्यूझीलंडकडून ०-३. पुण्यात मिचेल सँटनरचे १३ बळी, मुंबईत एजाज पटेलचे ११. वर्षभराने कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ चे लक्ष्य असताना ९३ वर सर्वबाद. त्या संघात सहा डावखुरे फलंदाज होते आणि समोर ऑफस्पिनर सायमन हार्मर, सामन्यात आठ बळी. राठोडही डावखुराच. म्हणून जामठ्यावर त्याने कोटियनचे किती चेंडू खेळले, किती पुढे येऊन, किती मागे जाऊन, किती वेळा बॅटची कड लागली हा निवड समितीसाठी त्याच्या शतकाहून महत्त्वाचा तपशील आहे. हा तपशील काढणे अवघड नाही. रणजीच्या प्रत्येक संघासोबत चित्रीकरण करणारा विश्लेषक असतोच. त्याची नोंद राज्य संघटनेच्या लॅपटॉपमध्ये पडून राहते. क्रिकेट मंडळाने एक ठरावीक तक्ता द्यावा आणि सामना संपल्यापासून ४८ तासांत तो भरून मागवावा. न दिल्यास संघटनेच्या अनुदानातून कापावे, म्हणजे येईल.

कुकाबुरावर रणजीच्या एक-दोन फेऱ्या खेळवाव्यात अशी सूचना अधूनमधून होते. इंग्लंडच्या कौंटी स्पर्धेत २०२३ मध्ये दोन फेऱ्या, २०२४ मध्ये चार फेऱ्या अशा झाल्या. गोलंदाजांनी नाके मुरडली. २०२५ मध्ये ओव्हलवर सरेने डरहमविरुद्ध अशाच एका फेरीत ९ बाद ८२० केल्या, तेव्हा त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. आपल्याकडच्या मंद खेळपट्ट्यांवर तर हा चेंडू गोलंदाजांचा जीवच काढील. त्यापेक्षा दुलीप करंडकाचे एक वर्ष कुकाबुरावर आणि एक वर्ष ड्यूक्सवर घ्यावे, पुढचा परदेश दौरा कुठला आहे ते पाहून. सामने थोडे, खेळाडू निवडक, आणि ज्यांना पुढे न्यायचे तेच मैदानावर.

आणि 'अ' संघाचा दौरा रणजी संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रणजी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला संपते, आयपीएल मेअखेर. जून ते सप्टेंबर हा काळ इंग्लंडमध्ये खेळण्याचा, आणि ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विन, केर्न्सलाही क्रिकेट खेळता येते. पंधरा जणांच्या संघात भारताकडून आधीच खेळलेले सात-आठ जण सरावासाठी भरले जातात, ते चारपर्यंत आणले तर मालेवार, दुबे, नबी अशांसाठी अकरा जागा मोकळ्या होतात. दौऱ्यावर किमान तीन चार-दिवसीय सामने हवेत. एका सामन्यात फलंदाज पहिल्या चेंडूवरही बाद होऊ शकतो, आणि दोन डावांवरून कोणाचेही भवितव्य ठरवू नये. मालेवार बाविशीत जाऊन तिथे अपयशी ठरला तरी काही बिघडत नाही. चोविसाव्या वर्षी त्याला त्याच मैदानावर परत पाठवता येते.